गल्लीतली ६०० रुपयांची जिम : सगळे विचारतात ते प्रश्न

जळगावात पिंप्राळ्याकडे आमच्या कॉलनीत पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर एक जिम आहे, मी तिथे आता चौथं वर्ष काढतोय. दिवसा एमआयडीसीत चटईच्या कंपनीत अकाउंट बघतो, ३८ व्या वर्षी शुगर बॉर्डरला आली, डॉक्टर म्हणे हातपाय हलवा, म्हणून गेलो. मी मालक नाही, ट्रेनर नाही, मला कमिशन पण नाही. पण कॉलनीत ज्याला जिम लावायची असते तो आधी मला गाठतो आणि तेच तेच विचारतो, म्हणून एकदाचं लिहून टाकलं. जिमचं नाव लिहीत नाही, कारण अशी जिम भुसावळला आहे, धुळ्याला आहे, चाळीसगावला आहे, नंदुरबारला आहे, थोडाफार फरक सोडला तर सगळीकडे हेच.

फी किती आणि त्यात काय काय येतं?

महिना ६००, तीन महिने १५००, वर्षाचे ५०००, आणि पहिल्यांदा ॲडमिशनचे २०० वेगळे. त्यात सगळ्या मशीन, वजनं, ट्रेडमिल (चालू असेल तर), पंखे, दोन कूलर, माठाचं पाणी आणि फुकटचे सल्ले, यातलं शेवटचं सगळ्यात जास्त मिळतं. काही ठिकाणी कार्डिओचे (ट्रेडमिल, सायकल असल्या दम वाढवायच्या मशीनचे) वेगळे पैसे घेतात, ते आधीच विचारा, बोर्डवर "फक्त ५००" एवढंच मोठं लिहिलेलं असतं.

मग एवढ्या कमी फीत काय नसतं?

एसी नसतो, लॉकर नसतं, शॉवर नसतो, बाथरूम एकच असतं आणि त्याची कडी नीट लागत नाही. पार्किंग म्हणजे गिरणीसमोरचा रस्ता, आणि गिरणीवाल्या नानांनी दळणाची गाडी लावायची म्हटली की खालून आवाज येतो, मग अर्धा सेट (एका दमात करायचा व्यायाम) सोडून गाडी काढायला पळायचं. मोठ्या जिमचा पैसा जातो भाड्यात, एसीच्या बिलात आणि स्टाफच्या पगारात. इथे मालकच पहाटे शटर उघडतो, तोच झाडू मारतो, तोच फी घेतो आणि तोच तुमच्या डोक्यामागे उभा राहून "अजून दोन, अजून दोन" ओरडतो.

एक अकाउंटवाल्याचं बोलणं ऐकून घ्या. कोणी फीवर जीएसटी वेगळा लावला तर जीएसटी नंबर असलेलं बिल मागा. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीच लागत नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आलेला आहे. म्हणजे १८ जोडलेलं बिल हातात आलं तर गप्प भरायचं नाही, विचारायचं.

एकदम वर्षाचे पैसे भरू का, स्वस्त पडतं ना?

हिशोबाने पडतं. ७२०० चे ५००० होतात. पण मी माझं सांगतो, याच्या आधी मी दुसऱ्या एका जिममध्ये वर्षाचे एकरकमी भरले होते, दिवाळी ऑफर होती, टीशर्ट फ्री होता. तिसऱ्या महिन्यात गेलो तर शटर बंद, दुसऱ्या दिवशी बंद, आठवड्याने कळलं की मशीन रातोरात टेम्पोत भरून गेल्या. पावती नव्हती माझ्याकडे, एका वहीत नाव लिहिलं होतं आणि वही पण टेम्पोतच गेली. टीशर्ट आहे अजून, गाडी पुसायला.

तेव्हा पहिला एकच महिना भरा. एक महिना तुम्ही जिमला बघा, जिम तुम्हाला बघेल. टिकलात तर तीन महिन्यांचं पॅकेज घ्या, वर्षाचं त्यानंतर. यूपीआयने भरा म्हणजे निदान मोबाईलमध्ये नोंद राहते, आणि पावतीवर "सुरुवात तारीख" आणि "संपण्याची तारीख" दोन्ही लिहून घ्या. आणि हो, पॉजचं विचारा. गावाला लग्न आहे, पोराची परीक्षा आहे, डेंग्यू झाला, तर तेवढे दिवस पुढे ढकलून देतात का? आमच्याकडे आधी सांगितलं तर १५ दिवस देतात, न सांगता गायब झालात तर मीटर चालू.

पहिल्या दिवशी काय होतं? मला लाज वाटते, सगळे बघतील.

बघतात. पाच सेकंद. मग आरशात स्वतःला बघायला लागतात.

खरं सांगू का, मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा ऑफिसची पँट आणि सँडल घालून गेलो होतो, वाटलं आज नुसतं बघून येऊ. सरांनी (ट्रेनरला इथे सगळे सरच म्हणतात, तो माझ्यापेक्षा १४ वर्षांनी लहान आहे तरी मी पण सरच म्हणतो) लगेच दहा मिनिटं चालायला लावलं, मग नुसती रॉड खांद्यावर देऊन बैठका मारायला लावल्या, आणि १२ बैठकांत माझे पाय असे थरथरायला लागले की जिना उतरताना कठडा धरला. खाली गिरणीवाले नाना दळण सोडून बघत होते, म्हणाले, "काय भाऊ, पाय करेल आहे का?" (पायांचा व्यायाम केला का). म्हणजे सगळ्यांना माहिती असतं. नवीन माणूस जिना कसा उतरतो त्यावरून त्याने काय केलं ते कॉलनीला कळतं.

पहिल्या दिवशी जास्त करायला गेलात तर पुढचे चार दिवस बुडतील. कोणी जोश दिला तरी अर्धंच करून घरी या.

ट्रेनर लक्ष देतो का?

पहिले आठ दिवस हो. नंतर तुम्ही मागितलं तर. संध्याकाळी एक माणूस ४० जणांना बघतो, तो तुमच्यामागे फिरणार नाही. पण डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं) किंवा स्क्वॉट (रॉड खांद्यावर घेऊन बैठका) करताना "सर, जरा पाठ बघा ना" म्हटलं की येतो, आणि ते म्हणायला लाजायचं नाही, कमरेचं दुखणं ६०० रुपयांत बरं होत नाही. पर्सनल ट्रेनिंगचे वेगळे ३००० सांगतात. मी कधी घेतलं नाही. माझ्या मते नवीन माणसाला एकच महिना उपयोग आहे, हालचाली अंगात बसेपर्यंत, त्यापुढे तुम्ही पैसे देता ते कोणीतरी सेट मोजावे म्हणून.

आणि डाएट चार्ट देतील तो नीट वाचा. मला पहिला जो मिळाला त्यात ब्रोकोली आणि ओट्स होते, मोबाईलवरून कुठूनतरी उचललेला. दाणाबाजारात ब्रोकोली मागितली तर दुकानदार चहा पाजून घरी पाठवेल.

मशीन चांगल्या असतात का? सुरक्षित असतात का?

हे जरा सविस्तर सांगतो, कारण स्वस्त जिममध्ये खरा फरक इथेच असतो.

स्पर्धेतली जी मोठी रॉड असते ती २० किलोची, तिच्या टोकाची जाडी ५० मिलिमीटर. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बारीक रॉड असतात, त्या किती किलोच्या ते कोणालाच धड माहीत नसतं, कोणी ७ म्हणतं कोणी १०. तेव्हा यूट्यूबवाल्या पोराच्या ६० किलोशी आपल्या ६० ची तुलना करू नका. प्लेटांचं पण तसंच. आम्ही एकदा गंमत म्हणून १० किलोची प्लेट खाली नेऊन नानांच्या काट्यावर ठेवली, भरली ९ किलो ३००. नाना म्हणे, "माझ्या दळणात असं केलं असतं तर तुम्ही मला सोडलं असतं का?" तरी त्याने काही बिघडत नाही, दोन्ही बाजूला सारख्याच प्लेटा लावा आणि मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात जास्त उचला, काटा तोच ठेवा म्हणजे झालं.

बघायचं ते हे. केबलच्या मशीनची वायर हाताने चाचपा, वरचं प्लॅस्टिक फाटून आतली तार दिसत असेल, एखादी काडी बाहेर आली असेल तर त्या मशीनवर बसू नका, ती तुटते तेव्हा सांगून तुटत नाही. लेग प्रेसला (पायांनी वजन ढकलायची मशीन) खाली लॉक नीट बसतंय का ते रिकाम्यावर बघा. बेंचचा नटबोल्ट हलवून बघा. रॉडला क्लिप नसेल तर मागा. ट्रेडमिलचा पट्टा पाय ठेवल्यावर अडकत अडकत चालत असेल तर त्याला सिलिकॉन ऑइल लागलेलं नाही, सरांना सांगा, तसंच चालवत राहिलात तर मोटर जाते, आणि मोटर गेली की ती ट्रेडमिल पुढचे चार महिने कपडे वाळत घालायला लागते, आमची सध्या तिथेच आहे.

बाकी मशीन गंजलेली आहे, सीटला टेप लावला आहे, एवढ्यावरून जिम वाईट ठरवू नका. डंबेल, रॉड, एक बेंच, पुलअपचा पाइप, एक केबल, एवढं धड असेल तर साध्या माणसाचं पाच वर्षांचं काम भागतं.

गर्दी कधी असते?

सकाळी ६ ते ८ नोकरीवाले, संध्याकाळी ६ ते ९ कॉलेजवाले. सोमवारी संध्याकाळी सगळी पोरं छातीचाच व्यायाम मारतात, बेंचला पासपोर्ट ऑफिससारखी लाईन असते, तेव्हा सोमवारी पाय करा, अख्खी जिम तुमची. जानेवारीत पण गर्दी आणि जूनमध्ये कॉलेज सुरू झाल्यावर पण. फेब्रुवारी संपता संपता आपोआप जागा होते.

उन्हाळ्यात कसं करतात हो? एसी नाही आणि जळगाव भुसावळचं ऊन...

हा प्रश्न पुण्याहून बदली होऊन आलेले हमखास विचारतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, वर स्लॅब दिवसभर तापलेला असतो, संध्याकाळी ७ ला जिममध्ये शिरलं की भट्टीत तोंड घातल्यासारखं वाटतं, लोखंडाची रॉड सुद्धा गरम लागते. म्हणून एप्रिल-मे मध्ये बॅचच बदलते, शटर पहाटे ४:३० ला उघडतं आणि संध्याकाळी ७ च्या आत कोणी फिरकत नाही.

कूलर मे मध्ये मस्त चालतो कारण आपली हवा कोरडी, पाणी लगेच उडतं आणि गारवा येतो. खरा त्रास पाऊस सुरू झाल्यावर, जून-जुलैत हवेत दमटपणा आला की तोच कूलर अंगाला चिकचिक करतो, घाम वाळत नाही आणि धाप लवकर लागते. नवीन माणसांना वाटतं आपली ताकद कमी झाली, ताकद तेवढीच असते, हवा बदललेली असते. तेव्हा कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा ठेवा, खिडक्या उघडा.

पाणी तहान लागायच्या आधी प्या. तासभर चांगला घाम गेला तर ओआरएस, ते नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. शुगरवाल्यांनी हे डॉक्टरला विचारून. डोकं गरगरलं, मळमळलं, पोटऱ्यांत गोळे आले की सेट तिथेच सोडायचा, खाली बसायचं. आणि एखादा माणूस बरळायला लागला, अंग तापलेलं आहे, तर "पाणी मारा तोंडावर, होईल ठीक" करत बसू नका, मग घाम येत असो की थांबलेला असो. ओल्या कपड्याने अंग गार करत करत सरळ दवाखान्यात न्या, उष्माघातात मिनिटं मोजायची असतात.

लाईट गेली तर?

इन्व्हर्टरवर दोन ट्यूब आणि एक पंखा. गाणी बंद होतात, मग एकमेकांचे हुंकार ऐकू येतात. ट्रेडमिलवर असाल तर बाजूचा दांडा धरून ठेवा, ती एकदम थांबते.

लेडीज बॅच असते का? बायकांना तिथे बरं वाटतं का?

याचं उत्तर मी देऊन उपयोग नाही, माझी बायको दीड वर्षापासून जाते, तिने सांगितलं तसं टाकतो :

"बॅच ११ ते १ ला आहे आणि दुपारी ४ ते ५:३० ला. ११ ची बरी, कारण पोरं शाळेत, डबे झालेले, भांडी झालेली. तेव्हा पुरुषांना वर येऊ देत नाहीत, तरी महिन्यातून एकदा कोणीतरी 'बाटली विसरली' म्हणून डोकावतोच, त्याला आम्ही सगळ्या मिळून बघतो, परत येत नाही. लेडी ट्रेनर फक्त सकाळच्या बॅचला आहे, हे फी भरताना सांगत नाहीत, विचारावं लागतं. कपडे बदलायला जागा म्हणजे पडदा, तेव्हा घरूनच घालून जावं, पंजाबी ड्रेस चालतो, ओढणी मात्र काढून ठेवा नाहीतर केबलमध्ये जाते, आणि मंगळसूत्र आत किंवा घरी. वजनं उचलून बाई पुरुषासारखी दिसते म्हणतात ते खोटं आहे, तेवढं टेस्टोस्टेरॉन बायकांत नसतंच. मी ३० किलोची डेडलिफ्ट करते आणि आता सिलिंडर सरकवायला कोणाला हाक मारत नाही. माझ्यासोबत एक मावशी आहेत ५५ च्या, त्यांना गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलं, त्या सुरुवातीला खुर्चीवरून नुसत्या उठबस करायच्या. पाळीच्या दिवसात यायचं की नाही ते आपलं आपण ठरवायचं, बरं वाटत असेल तर हलकं करावं. आणि एक लिहा, आमच्या बॅचला कूलरमध्ये पाणी भरलेलं नसतं, ते का?"

लिहिलं.

खूप अंग दुखतंय, बंद करू का?

नवीन व्यायामानंतर दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, मग उतरतं. त्यात हलकं चालणं, हलकी हालचाल बरी. ते स्नायूंचं दुखणं, दोन्ही बाजूला सारखं, दाबलं की "आई गं". पण सांध्यात टोचतंय, एकाच बाजूला कळ येतेय, सूज आहे, हाताला मुंग्या येतायत, तर ते वेगळं, तिथे सरांचं मसाजचं तेल चालत नाही, डॉक्टरला दाखवा. आणि लघवी कोकाकोलासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना, फार जोरात व्यायाम झाला की स्नायू फुटून किडनीवर येतं. दुर्मिळ आहे, पण पहिल्याच आठवड्यात ३०० बैठका मारणाऱ्याला होऊ शकतं. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर "गॅस असेल" म्हणायचं नाही.

शुगर आहे, बीपी आहे, चालेल का?

मी स्वतः तोच पेशंट आहे तर सांगतो. डॉक्टरला आधी विचारा, विशेषतः गोळीने किंवा इन्सुलिनने शुगर एकदम उतरत असेल तर. खिशात चार ग्लुकोजची बिस्किटं किंवा साखर ठेवा, हात थरथरले, घाम सुटला, डोळ्यासमोर अंधारी आली तर शुगर ७० च्या खाली गेली असेल असं समजून आधी ती खा, मग विचार करा. अनवाणी व्यायाम नाही, पायाला लागलेलं शुगरवाल्याला कळत नाही.

बीपीवाल्यांनी श्वास रोखून वजन उचलायचं नाही, उचलताना सोडायचा. डोकं खाली पाय वर असले प्रकार टाळा. माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर दीड वर्षात बॉर्डरच्या आत आली, पण त्यात जिमसोबत दुपारचा ऑफिसचा गोड चहा बंद केला ते पण आहे, सगळं क्रेडिट डंबेलला देत नाही.

पोलीस भरतीची तयारी होते का इथे?

आमच्याकडे संध्याकाळची निम्मी पोरं त्याचसाठी येतात, आजूबाजूच्या खेड्यांतून रूम करून राहिलेली. त्यांच्यासाठी फी पण थोडी कमी घेतात.

पण भो, मैदानी ५० मार्कांत काय आहे ते बघा. मुलांना १६०० मीटर धावणे २० मार्क, १०० मीटर १५, गोळाफेक १५. मुलींना ८०० मीटर २०, १०० मीटर १५, गोळा १५. गोळा मुलांना ७.२६० किलोचा, मुलींना ४ किलोचा. यात दंडाचे मार्क कुठे आहेत? आरशासमोर बायसेप मारून १६०० होत नाही. जिममध्ये पाय, कंबर, खांदा मजबूत करा, आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत, बाकीचे दिवस पहाटे मैदानावर. ट्रेडमिलवर वारा आडवा येत नाही आणि वेग मशीन धरून ठेवते, मातीत तो तुम्हाला स्वतःला धरावा लागतो, त्यामुळे ट्रेडमिलचा टाइम मैदानावर निघत नाही. मेहरूण तलावाच्या बाजूला सकाळी पोरं पळताना दिसतात, त्यांच्यात मिसळा. गोळा फेकायचा तर खरा गोळा घ्या, प्लेट फेकू नका, एकाने फेकली होती, गिरणीचा पत्रा अजून वाकलेला आहे. छाती मोजताना न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ जास्त लागते, ती ५ बेंचवर वजन मारून येत नाही, श्वासाच्या सरावाने थोडी येते.

प्रोटीन पावडर घ्यावीच लागते का?

नाही. पावडर खाण्याच्या जागी नसते, खाणं कमी पडलं तर असते. २०२४ मध्ये आयसीएमआर-एनआयएनने (सरकारची राष्ट्रीय पोषण संस्था) आहाराच्या ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात पण प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच म्हटलं आहे. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगतात, वजनं उचलणाऱ्याला १.२ ते १.६ धरा. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला साधारण ८० ते १०० ग्रॅम.

आता आपल्या घरातच बघा. अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, शेंगदाण्यात २५ (पण तेल त्याहून बरंच जास्त, मूठभर खा, पातेलंभर नाही), कोरड्या सोयाबीन वडीत ५० च्या वर, आणि ती सगळ्यात स्वस्त. आपली कळण्याची भाकरी घ्या, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले, ज्वारीत जे अमिनो ॲसिड कमी असतं ते उडदात असतं, आज्जीने हे न शिकता केलं. तिच्याबरोबर वांग्याचं भरीत, घट्ट वरण, वाटीभर दही, दोन अंडी. रोज मटण लागत नाही. केळीत मात्र प्रोटीन एक ग्रॅमच, हे रावेर यावलच्या पोरांना सांगितलं की राग येतो, जीआय टॅगवालं केळं असलं तरी. पण व्यायामाच्या अर्धा तास आधी एक केळं म्हणजे शंभरेक कॅलरीचं पेट्रोल, कुठल्याही प्रीवर्कआउटच्या (व्यायामाआधी घ्यायच्या पावडरच्या) डब्यापेक्षा बरं.

तरीही घ्यायचीच असेल तर १४ आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्न परवाना) नंबर, सील, बॅचची तारीख बघा, सुटी पिशवीतली "इम्पोर्टेड" घेऊ नका. क्रिएटिन मोनोहायड्रेट (ताकदीसाठी घेतात ती पावडर) हे एक स्वस्त आणि खरंच काम करणारं, दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर.

कोणी "कोर्स" सांगितला तर? तीन महिन्यात बॉडी बनते म्हणे.

इंजेक्शन आणि गोळ्यांना जिममध्ये "कोर्स" म्हणतात, "सायकल" म्हणतात, स्टेरॉइड कोणी म्हणत नाही. पोरं १९-२० वर्षांची असतात. मी इथे एकच सांगतो, लिव्हर, हृदय, स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडणं, पुढे मूल न होणं, हे सगळं त्या "तीन महिन्यात" येतं आणि त्या महिन्यांनंतर जात नाही असं पण होतं. सांगणारा कितीही जवळचा असला तरी नाही म्हणा. जिममध्येच विकत असतील तर जिम बदला.

शेवभाजी, वरण-बट्टी सोडावी लागते का?

मी सोडली नाही. रविवारी बट्टी असते, तूप पण असतं, चार ऐवजी दोन बट्ट्या आणि वरण जास्त. शेवभाजीची वरची तर्री सासूबाई बघत नसताना काढून ठेवतो. रोज रात्री ढाब्यावर बसणाऱ्याने मात्र मला डाएट विचारू नये.

किती दिवसात फरक दिसतो?

पहिल्या महिन्या-दीड महिन्यात वजन वाढत्या आकड्याने उचललं जातं पण आरशात काही नाही, कारण तेव्हा मेंदू आणि नसा हालचाल शिकत असतात. दोन-तीन महिन्यांनी शर्ट खांद्यात घट्ट आणि पोटावर सैल. घरच्यांना कळायला चार, आणि गावाकडच्या माणसांना आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गेल्यावर, "बारीक झाला रे, आजारी होता का?"

नुसतं पोट कमी करायचा व्यायाम नसतो. रोज ५०० क्रंच मारले तर पोटाचे स्नायू दुखतात, चरबी सगळीकडून हळूहळू उतरते. जिम सोडली की स्नायूंची चरबी होते हे पण खोटं, स्नायू बारीक होतात आणि खाणं तेवढंच राहतं एवढंच.

पोरगा १५ चा आहे, उंची खुंटेल का?

नीट शिकवणारा समोर असेल आणि वजन हलकं असेल तर खुंटत नाही. एकटा पाठवून "जास्तीत जास्त किती उचलतो" ची शर्यत लावू देऊ नका.

आमच्या आबांना न्यायचं आहे, ६७ वर्षं. हसतील का पोरं?

आमच्याकडे एक आबा आहेत, रेल्वेतून रिटायर, धोतर नाही पण गांधी टोपी घालूनच येतात. पहिल्यांदा आले तेव्हा जिना चढायला दोनदा थांबले. खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून दंड, दोन किलोचे डंबेल, एका पायावर उभं राहणं, एवढंच वर्षभर. वयस्कर माणसाला ताकदीबरोबर तोल सांभाळणं शिकवणं फार गरजेचं, पडले की खुब्याचं हाड मोडतं आणि मग सगळंच बसतं. आता आबा अहिराणीत सगळ्यांना सांगतात, "आते माले जिना चढता येस." पोरं हसत नाहीत, उलट आबा बेंचजवळ आले की उठून जागा देतात. गाण्याचा आवाज पण कमी करतात, तो एक फायदा आम्हाला फुकट.

तालीम बरी की जिम?

ज्याला कुस्ती खेळायची त्याला तालीमच, लाल मातीतली पकड आणि दम मशीनवर येत नाही. पण ४२ वर्षांच्या अकाउंटवाल्याला पहाटे कोण लंगोट लावून पाडणार? दोन्हीचा मेळ घालता येतो, आमच्या कोपऱ्यात एक जुनं मुद्गल ठेवलेलं आहे, खांदे मोकळे करायला त्याच्यासारखं काही नाही, आणि जोर-बैठकांना तर फी पण नाही.

काय पाळावं लागतं?

वजन उचललं तिथे परत ठेवा, हे नव्वद टक्के. टॉवेल आणा आणि बेंच पुसा. बाहेरचे बूट आत नको, वेगळे ठेवा. सेटच्या मधे बेंचवर बसून रील बघत असाल तर कोणीतरी "किती बाकी?" विचारेल, त्याचा अर्थ उठा असा होतो. आणि वजन आपटू नका, खाली गिरणीत पिठाचा धुरळा उडतो आणि नाना वर येतात, नाना आले की दहा मिनिटं गेली.

सुट्टी कधी असते?

रविवारी संध्याकाळी, आखाजीला, कानबाईच्या (आमच्या खानदेशातला श्रावणातला सण) दिवशी, धुळवडीला. खंडेनवमीला सकाळी चालू असते पण व्यायाम होत नाही, त्या दिवशी डंबेलला, रॉडला, बंद पडलेल्या ट्रेडमिलला सुद्धा हळदकुंकू आणि झेंडूची माळ. ट्रेडमिलची मोटर त्याने सुरू झालेली नाही.

आधी बघायला येता येतं का?

दोन दिवस फुकट करू देतात, तुम्ही रोज ज्या वेळेला येणार त्याच वेळेला या म्हणजे खरी गर्दी दिसेल. शनिवारी सकाळी आलात तर बजरंगबलीच्या फोटोसमोर नारळ फुटतो, खोबरं सगळ्यांना मिळतं, ७ च्या आत या, नंतर कॉलेजची पोरं ठेवत नाहीत.